मजुरीचा दर आणि शेतकऱ्याचा हिशेब

(शेतकरी बांधवांसाठी रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणी उरकते, पिकात तण डोकं वर काढतं, आणि गावोगाव पारावर एकच विषय निघतो. यंदा खुरपणीचा रोज काय? शेजारच्या गावाने पन्नास रुपये वाढवले म्हणतात. बाया रिक्षात बसून तिकडं जाऊ लागल्या. आता आपण काय करायचं? मग कुणीतरी सुचवतं, की सगळ्यांनी मिळून दर बांधून घेऊ. अमुक रुपयांच्या वर कुणी रोज द्यायचा नाही आणि जो देईल त्याला दंड.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे बिहार आणि उत्तर प्रदेशातले मजूर आपापल्या घरी परतले होते. पंजाबात भातलावणी तोंडावर आलेली. लावणीचा एकरी दर चढू लागला, तेव्हा तिथल्या काही ग्रामपंचायतींनी ठराव करून दराला वरून टोपण घातलं. मजुरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि गावागावांत दोन तट पडले. ज्यांना रोज एकमेकांचं तोंड पाहायचं आहे, त्यांच्यात असे तट पडणं ही गोष्ट साधी नाही.

असा ठराव आपण करावा का, आणि सरकारने किमान मजुरी वाढवली तर त्यात आपलं भलं आहे की वाटोळं, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो. किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला आणि शेतीचं काम त्यात पहिल्यापासून होतं. महाराष्ट्रात शेतमजुरांची स्थिती आणि त्यांचं किमान वेतन यांचा अभ्यास करण्यासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल १९७३ साली आला. पुढे केंद्राने २०१९ साली वेतनाविषयीचे जुने चार कायदे एकत्र करून वेतन संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात तळाची मजुरी केंद्राने ठरवायची आणि कोणत्याही राज्याने आपला दर त्याच्याखाली न्यायचा नाही, असं ठेवलं आहे. म्हणजे कायद्याने मजुरीला खालून टेकू दिलेला आहे. गावाने ठराव करून तो टेकू काढता येत नाही. किमान दरापेक्षा कमी देण्याचा ठराव कागदावर लिहिला काय आणि न लिहिला काय, कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

पण कायदा सांगितला म्हणजे माणसाचं समाधान होतं असं नाही. तुम्ही म्हणाल, साहेब, कायदा मुंबई-दिल्लीत बसून होतो, पैसे आमच्या खिशातून जातात. सोयाबीनचा भाव पडलेला, खताचं पोतं महागलेलं, त्यात रोज वाढवून द्यायचा कुठून? हे म्हणणं खोटं नाही. म्हणूनच आपण हिशेब मांडू या. हिशेब मांडताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की या गावात मजूर म्हणजे नक्की कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी होते सुमारे ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर सुमारे १४ कोटी ४३ लाख. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ साली, पारडं उलट होतं, शेतकरी जास्त आणि मजूर कमी. त्या दहा वर्षांत लाखो माणसं शेतकऱ्याच्या रकान्यातून उठून मजुराच्या रकान्यात गेली. कारण शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या दहा एकरांचे वाटे होत होत नातवाच्या वाट्याला तीन एकर आले. तीन एकर कोरडवाहूवर घर चालत नाही, म्हणून तोच नातू कधी बांधकामावर जातो, कधी दुसऱ्याच्या उसाला पाणी धरतो, आणि त्याची बायको शेजारच्या मळ्यात खुरपायला जाते.

राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचे आकडे दिले आहेत, ते जरा लक्ष देऊन ऐका. २०१२-१३ साली देशातल्या सरासरी शेतकरी कुटुंबाची महिन्याची मिळकत ६,४२६ रुपये होती. त्यात पिकापासून ३,०८१ रुपये आणि मजुरी व पगारातून २,०७१ रुपये. सहा वर्षांनी, २०१८-१९ साली, पुन्हा पाहणी झाली. महिन्याची मिळकत १०,२१८ रुपये निघाली. त्यात पिकापासून ३,७९८, आणि मजुरी व पगारातून ४,०६३. म्हणजे ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे, ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्याही घरात पिकापेक्षा मजुरी-पगाराचा पैसा जास्त येऊ लागला आहे. बाकीचं दूध-जनावरांचं आणि किरकोळ धंद्याचं.

मग मजुरीचा दर वाढला की शेतकरी बुडाला, असं सरसकट म्हणता येईल का?

आता शिवारात येऊ. एक एकर सोयाबीन धरा. आकडे समजुतीसाठी घेतो, तुमच्या भागात कमी-जास्त असतील. खुरपणी, कापणी, गोळा करणं, मळणीला हात लावणं, सगळे मिळून २४ रोज लागले. रोज ३०० रुपये. मजुरीचा खर्च झाला ७,२०० रुपये. आता रोज पन्नासने वाढला, ३५० झाला. खर्च ८,४०० झाला. वाढ एकरी १,२०० रुपये. ही रक्कम डोळ्यांत भरते, कारण ती संध्याकाळी मोजून हातावर ठेवावी लागते.

दुसऱ्या बाजूला पाहा. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात पुष्कळ ठिकाणी माल त्याच्या बराच खाली गेला. समजा तुम्ही ४,२०० ने विकला. क्विंटलमागे ६९२ रुपये गेले. एकरी ६ क्विंटल झालं असेल तर ४,१५२ रुपये गेले. ही रक्कम तुमच्या हातात आलीच नाही, म्हणून ती गेल्याचं दिसत नाही. खुरपणाऱ्या बाईला दिलेले जादा पन्नास रुपये दिसतात, आणि अडत्याच्या पट्टीवर न लिहिलेले चार हजार दिसत नाहीत. आपली भांडणं नेमकी जे दिसतं त्याच्याशी होतात.

पण मी एकाच बाजूने बोलणार नाही. पावसाने दगा दिला आणि ६ ऐवजी ३ च क्विंटल पदरात पडलं, तर तेच १,२०० रुपये क्विंटलमागे ४०० ने बसतात. अशा वर्षी कोरडवाहू शेतकऱ्याला ते झेपत नाहीत, आणि त्याला कुणी कंजूष म्हणू नये.

हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. त्या २४ रोजांतले समजा १० रोज तुमच्या घरच्याच माणसांचे होते. म्हणजे खिशातून गेलेली वाढ १४ रोजांची, ७०० रुपये. तुमच्याकडे दोन एकर असतील तर १,४००. आता तुम्ही आणि तुमचं कुटुंब, दोघंही वर्षातून साठ-साठ दिवस दुसऱ्याकडे कामाला जात असाल, तर पन्नास रुपयांच्या वाढीने घरात ६,००० रुपये जादा येतात. दिले १,४०० आणि आले ६,०००. दोन एकरवाल्याच्या घरी वाढ फायद्याची ठरली. वीस एकर बागायतवाल्याच्या घरी हाच हिशेब उलटा येईल, कारण तो रोज विकत घेतो, विकत नाही. पारावर ज्याचा आवाज मोठा असतो त्याची जमीनही बहुधा मोठी असते. दर बांधून घ्या असं तो म्हणतो तेव्हा तो त्याच्या वहीतून बोलतो. तुम्ही मान डोलावण्याआधी तुमच्या वहीत बघा.

आता घरच्या कष्टाचा मुद्दा काढला आहे तर तो नीट समजून घेऊ. हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग १९६५ सालापासून काम करतो. उत्पादन खर्च काढण्याच्या त्याच्या पद्धतीत बियाणं, खत, औषध, बाहेरच्या मजुरांची मजुरी असा रोखीचा खर्च धरतात, आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवतात. २०१८-१९ पासून केंद्र सरकारने या दोन्हींच्या बेरजेच्या दीडपट हमीभाव द्यायचं धोरण सांगितलं आहे. स्वामिनाथन आयोगाची मागणी याहून मोठी होती, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरून येणाऱ्या खर्चावर दीडपट, असा शेतकरी संघटनांचा आग्रह आहे, आणि तो वाद चालूच आहे. आपल्या आजच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. घरच्या माणसाच्या श्रमाचं मोल कशाने लावतात? गावातल्या चालू मजुरीच्या दराने.

लक्षात येतं का? तुमची बायको, तुमची आई, तुम्ही स्वतः, पहाटे उठून दारं धरता, त्याची किंमत सरकारच्या कागदावर त्या खुरपणाऱ्या बाईच्या रोजाने मांडली जाते. तिचा रोज दाबला की तुमच्या घरच्या घामाचं मोलही दबतं. एका गावाने भाव ठरत नाही हे खरं आहे, राज्याराज्यांतून नमुना शेतकऱ्यांच्या वह्या गोळा करून सरासरी काढतात. पण सरासरी निघते ती तुमच्याआमच्यासारख्या गावांतूनच. जिथं मजूर स्वस्त तिथं शेतमाल स्वस्त काढायला सरकारलाही सोपं जातं आणि व्यापाऱ्यालाही.

शरद जोशी यांनी १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं, तेव्हापासून शेतकरी संघटनेचा मुद्दा हाच होता, की भाव उत्पादन खर्चावर मिळाला पाहिजे. त्या खर्चात मजुराची मजुरी येते. मजुरीचा दर लढून कमी करायचा आणि मग खर्चावर आधारित भाव मागायचा, हे एका हाताने विहीर खणून दुसऱ्या हाताने बुजवण्यासारखं आहे.

उसाचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. ऊसतोड कामगारांच्या तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढला. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या बिलातून वजा करतो, त्यामुळे ऊसवाल्याला वाटतं, वाढ दिली कारखान्याने आणि फेडली आपण. यात तथ्य आहे, आणि वजावट किती व कशी होते हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारलं पाहिजे. पण कोयता घेऊन येणारा तो माणूस कोण असतो? बीडचा, जालन्याचा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू तालुक्याचा. पुष्कळदा त्याची स्वतःची दोन-तीन एकर पड जमीन असते. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको थंडीत फडावर येतात, कारण त्यांच्या बाजरीने आणि कापसाने वर्ष निघत नाही. म्हणजे एका फडात दोन शेतकरी उभे असतात. एकाच्या रानात पाणी पोचलं, दुसऱ्याच्या नाही, एवढाच फरक.

मग किमान मजुरी कितीही वाढवावी का? नाही. वाढवण्याच्याही चुका असतात आणि आपल्याच राज्याने एक करून पाहिली आहे.

रोजगार हमीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापुरात पागे यांनी तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर आली. त्या साली खडी फोडलेले, सुकडी खाल्लेले हात अजून गावात आहेत. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, बागायती जमिनीवरही कर धरला आणि तेवढीच भर सरकारने घातली. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून थोडं घेऊन ज्याच्याकडे नाही त्याला कामाच्या रूपाने द्यायचं. विषमता कमी करण्याचा इतका सरळ मार्ग देशात त्याआधी कुणी कायद्यात लिहिला नव्हता, आणि याचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा.

१९८८ साली शेतमजुरीचे किमान दर वाढले. रोजगार हमीची मजुरी त्यांनाच बांधलेली, ती जवळजवळ दुप्पट झाली. मजुराला वाटलं, आता दिवस पालटले. पण दर वाढला तेवढा पैसा वाढला नाही. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी महिन्या-महिन्याचे आकडे तपासून १९९३ साली निष्कर्ष मांडला, की दरवाढीनंतर कामं आखडली, आणि मागेल त्याला काम ही हमी ढिली पडली. ज्याला काम मिळालं त्याला चांगला रोज मिळाला. ज्याला मिळालं नाही तो हात हलवत घरी परतला, आणि असा माणूस बहुधा सगळ्यात गरीब असतो. दर लिहिणं सोपं, पण त्याच्यामागं पैसा उभा केला नाही तर कामाचे दिवस त्याची भरपाई करतात.

दुसरं उदाहरण केरळचं. तिथं शेतमजुरांची संघटना मोठी, १९७४ साली त्यांच्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात २०२२-२३ सालचे शेतमजुराच्या रोजाचे सरासरी आकडे आहेत. केरळात ७६४ रुपये, मध्य प्रदेशात २२९ रुपये. एकाच देशात, एकाच वर्षी तिपटीहून जास्त फरक! केरळचा मजूर मुलाला शिकवतो, पक्कं घर बांधतो, हे डोळ्यांना दिसतं. पण त्याच केरळात १९७४-७५ साली भाताखाली सुमारे ८.८ लाख हेक्टर जमीन होती, ती पुढे २ लाख हेक्टरच्या आसपास आली. भाताच्या खाचरांत नारळ आणि रबर लागला, घरं उठली. याला मजुरी हे एकच कारण नव्हतं. आखातातून पैसा येत होता, रबराला भाव होता, जमिनीच्या किमती चढत होत्या. तरी भाताच्या भावात तो रोज बसत नव्हता, हेही कारण होतंच. मजुरी चढली आणि भाव तिथंच राहिला, तर शेतकरी मजुराशी भांडत बसत नाही, तो पीकच बदलतो. मग कामही जातं आणि धान्यही जातं.

या दोन्ही गोष्टींतून मला जे दिसतं ते असं. मजुरी वाढली पाहिजे, पण ती भावात धरली गेली पाहिजे आणि कामाचे दिवस कमी न होता वाढली पाहिजे. मजूर आणि छोटा शेतकरी यांनी ही मागणी एका तोंडाने केली तर ऐकली जाईल. एकमेकांच्या उरावर बसून केली तर दोघांनाही कुणी विचारणार नाही.

तुमच्यातला कुणी म्हणेल, मजुरीचं जाऊ द्या, मजूरच मिळत नाही. रेशन फुकट आणि रोजगार हमीचं काम सोपं, मग रानात कोण येईल? ही तक्रार मी पुष्कळ गावांत ऐकतो. जरा तपासून पाहा. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात वर्षाला शंभर दिवस लिहिले होते, पण देशात सरासरी एका कुटुंबाला पन्नास दिवसांच्या आसपासच काम मिळत आलं. २०२४-२५ साली महाराष्ट्रात त्याचा दर २९७ रुपये होता, आणि तोही पुष्कळदा उशिरा खात्यात जमा व्हायचा. हंगामात रोख तीनशे मिळत असताना त्यासाठी कुणी थांबत नाही. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात १२५ दिवस आणि पेरणी-कापणीच्या धांदलीत ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याच्या तक्रारीची दखल त्यात घेतलेली दिसते. मजूर न मिळण्याचं खरं कारण मात्र साधं आहे. सगळ्या गावाची खुरपणी एकाच आठवड्यात निघते. त्या आठवड्यात हात कमी पडतात, आणि पुढे दोन महिने तेच हात रिकामे असतात. रिकाम्या दिवसांत बांधबंदिस्ती, विहीर, शेततळं यांची कामं गावातच निघाली तर माणसं मुंबई-पुण्याची गाडी धरत नाहीत आणि हंगामात हाताशी राहतात. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबागा लागल्या, त्यात मजुरी सरकारने दिली आणि आंबा, बोर, डाळिंब, काजूची झाडं शेतकऱ्याच्या बांधात राहिली. तेव्हा रोजगार हमी शेतकऱ्याची वैरी आहे असं कुणी म्हटलं नाही.

आता भगिनींविषयी. गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा, हे आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलं आहे की त्यात काही गैर आहे असं वाटत नाही. सारख्या कामाला सारखी मजुरी हा कायदा १९७६ साली झाला, आणि नव्या संहितेतही तेच आहे. कुणी म्हणतं, बाया उशिरा येतात, स्वयंपाक उरकून अकराला रानात पोचतात. ठीक आहे, मग तासावर हिशेब करा. पाच तासांचे पाच तासांप्रमाणे द्या. पण कापूस वेचणीला, मिरची तोडणीला, भातलावणीला बाईच्या हाताइतका गड्याचा हात चालत नाही हे तुम्हीच सांगता, आणि रोज मात्र तिचा कमी. हे कुठल्या तराजूत बसतं? आणि मघाशी सांगितलं तसं, बाईचा रोज म्हणजे तुमच्या घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचा दर आहे.

विषमतेचं एक माप सांगून पुढे जातो. अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला आणि खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला सुमारे १५ टक्के आला. त्या निम्म्यांत तुमचा मजूरही आहे आणि तीन एकरवालाही. पन्नास रुपयांसाठी आपण ज्याच्याशी भांडतो, तो याच फाटक्या घोंगडीखाली आपल्या शेजारी झोपलेला असतो.

आता उद्यापासून करायच्या गोष्टी. एक दोनशे पानी वही घाला. डाव्या पानावर लिहा, आपण बाहेरच्या माणसांचे किती रोज विकत घेतले. उजव्या पानावर लिहा, आपल्या घरच्या माणसांनी बाहेर किती रोज केले. घरच्या रानात घरच्यांनी केलेले रोज खाली वेगळे लिहा, ते पानातून सुटू देऊ नका. एक हंगाम एवढं लिहिलं तरी, रोज वाढल्याने आपलं नुकसान होतं की फायदा, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. उत्पादन खर्चाची चर्चा निघते तेव्हा अशी वही हातात असलेला शेतकरी फार वेगळा बोलतो.

ज्यांना हंगामात रोख देणं जमत नाही अशा चार-पाच घरांनी सावड करावी. काही भागांत तिला इर्जिक म्हणतात. आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या. ही जुनी रीत ट्रॅक्टर आल्यावर मोडली, पण खुरपणीला ट्रॅक्टर चालत नाही, तिथं ती अजून उपयोगी आहे. पेरणीत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवता आलं तर ठेवा, म्हणजे सगळ्यांचं तण एकाच दिवशी हाक मारणार नाही. सायकल कोळपं दोन घरांत मिळून घ्या, ओळीतलं तण त्याने निघालं की हाताने खुरपायचं निम्म्यावर येतं.

काम उक्तं देत असाल तर आधी बोलून घ्या, आणि दिवसभर राबून बाईच्या हातात किमान रोजापेक्षा कमी पडणार नाही हे पाहा. उक्त्याच्या नावाखाली रोज बुडवता येत नाही. गावाला ठराव करायचाच असेल तर दराला टोपण घालण्याचा करू नका. कामाची वेळ किती, मध्ये सुट्टी किती, पिण्याचं पाणी कुणी आणायचं, पैसे त्याच संध्याकाळी की बाजाराच्या दिवशी, गाडीभाडं कुणाचं, यांचा करा. निम्मी भांडणं दरापायी नसतात, या गोष्टींपायी असतात. आणि असा ठराव करायला बसाल तेव्हा मजुरी करणाऱ्या बायांनाही सतरंजीवर जागा द्या.

तुमच्या भागाला लागू असलेला किमान दर राज्याने परिमंडळाप्रमाणे ठरवलेला असतो. तालुक्याला गेलात की सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे चौकशी करा आणि दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या. तो कोणत्या तारखेपासूनचा आहे हेही तिथंच विचारून घ्या, कारण जुने दरपत्रक भिंतीवर पुष्कळ वर्षं तसंच लटकत राहतं आणि दोन्ही बाजू त्याच्यावर बोट ठेवून भांडतात.

रामराम.